रद्दी कागदाची गोधडी

इ. स. १८३३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे एक शिडाचे जहाज कलकत्त्यास जावयास निघाले. त्याच्या पोटात कापड नव्हते, की दारूगोळा नव्हता. त्यात होता १८० टन बर्फ! उत्तर अमेरिकेतील तळी हिवाळ्यात गोठली म्हणजे त्यांवरील बर्फाचे ठोकळे करवतीने कापून काढावयाचे व ते उष्ण देशांत नेऊन विकावयाचे, हा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याचा उद्योग होता. प्रवास चार महिन्यांचा. त्यात विषुववृत्त दोन वेळा ओलांडावयाचे. आणि बर्फ थंड ठेवणारी यंत्रे तर त्या काळी कोणत्याही जहाजावर नव्हती. तथापि सप्टेंबर महिन्यात जहाज कलकत्त्यास लागले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला व तो साठविण्याकरिता खास कोठारे बांधण्यात आली. मद्रासचे ते ‘आइस हाउस’ आजही समुद्रकिनाऱ्याजवळ उभे आहे.

आता प्रश्न असा की, उन्हाच्या तडाख्यातून हा बर्फ वाचला कसा? त्याचे रहस्य अगदी साधे आहे. ट्यूडरच्या जहाजांत बर्फाभोवती फळ्यांचे अस्तर असे आणि झाडांच्या सालींचा चुरा, लाकडाचा भुसा, वाळलेले गवत असल्या कवडीमोलाच्या वस्तू ठासून भरलेल्या असत. आपल्या बाजारात बर्फाची लादी भुशात पुरून वर गोणपाट टाकून ठेवणारा बर्फवाला पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची विद्या आणि ट्यूडरची विद्या एकच. याच विद्येच्या बळावर आज अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अनेक थंड देशांत लाखो घरांना एक अदृश्य पांघरूण घातलेले आहे, आणि ते पांघरूण रद्दी वर्तमानपत्रांचे आहे! आपण वाचून टाकलेले हे साप्ताहिकदेखील तसल्या एखाद्या कारखान्यात गेले असते, तर कोणा कुटुंबाचे थंडीपासून रक्षण करू शकले असते. हा प्रकार काय आहे, त्यापासून लाभ कोणते, धोके कोणते, आणि आपल्या छपराखाली राहणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार आज आपण करू या.

गोधडी ऊब देत नाही

थंडीच्या रात्री आपण गोधडी पांघरतो व म्हणतो, ‘गोधडीने ऊब आली.’ वास्तविक गोधडीत ऊब नसतेच. ऊब असते ती आपल्या अंगात. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. तीच गोधडी बर्फाच्या लादीवर टाकली तर बर्फ लवकर वितळत नाही. कारण बाहेरची उष्णता आत शिरण्यासही ती तितकाच अडथळा करते. गोधडी थंडी-उष्णतेचा पक्षपात करीत नाही. ती केवळ वाटेत उभी राहते.

हा अडथळा कापडाच्या धाग्यांचा असतो असेही नाही. तो धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेचा असतो. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. परंतु मोकळी हवा स्थिर राहत नाही. तापली की वर जाते, निवली की खाली येते, आणि या येरझारांत उष्णता आपल्याबरोबर वाहून नेते. म्हणून हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवावे लागते. कापसाचे धागे, लाकडाचा भुसा, वाळलेले गवत, पक्ष्यांची पिसे, मेंढीची लोकर ही सर्व हवेची बंदिशाळाच होय.

यांपैकी कापूस, लाकूड, गवत आणि कागद यांचा मूळ पदार्थ एकच आहे. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याने बांधलेल्या असतात त्याला सेल्युलोज म्हणतात. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली ते वेगळे करून दाखविले. कापसात त्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के, तर लाकडात ४० ते ५० टक्के असते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा होतो. तेव्हा तो कागद पिंजून काढला तर पुन्हा कापसासारखा मऊ पुंजका हाती यावा हे ओघानेच आले. या पिंजलेल्या कागदालाच घरबांधणीच्या व्यवहारात सेल्युलोजचा उष्णतारोधक थर म्हणतात.

त्याची शक्ती किती, हे एका तुलनेने ध्यानात येईल. साधी भाजलेली वीट उष्णता ज्या वेगाने पलीकडे जाऊ देते, त्याच्या सुमारे सतराव्या-अठराव्या हिश्श्याने हा कागदाचा पुंजका जाऊ देतो. म्हणजे उष्णता अडविण्यापुरते पाहिले तर या पुंजक्याचा एक इंचाचा थर हा जवळजवळ दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतीच्या तोडीचा झाला. अर्थात भिंत छपराचा भार पेलते. कागद तो पेलू शकत नाही. ज्याचे काम त्याने करावे.

रद्दीपासून पांघरुणापर्यंत

कारखान्यात आलेल्या रद्दीतून प्रथम टाचण्या, तारा, प्लॅस्टिक असला कचरा काढून टाकतात. मग यंत्रात कागदाचे तुकडे करतात, आणि दुसऱ्या यंत्रात ते तुकडे झोडपून त्यांचे तंतू मोकळे करतात. पिंजाऱ्याने कापूस पिंजावा तसाच हा प्रकार; फरक इतकाच की धनुकलीची जागा पोलादी हातोड्यांनी घेतलेली असते. तयार मालात साधारणपणे ८० ते ८५ टक्के रद्दी कागद असतो. उरलेला १५ ते २० टक्के भाग हा लेखाचा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. त्याकडे आपण लवकरच वळू. अलीकडे वर्तमानपत्रांचा खप घटल्यामुळे काही कारखानदार पुठ्ठ्याच्या खोक्यांकडेही वळले आहेत.

हा माल दाबून पिशव्यांत भरलेला असतो. घराशी नेल्यावर तो एका यंत्रात ओतून, हवेच्या जोराने लांब रबरी नळीवाटे माळ्यावर फुंकला जातो. थंड देशांतील घरांना उतरते छप्पर व त्याखाली सपाट तक्तपोशी असते. या दोहोंमधील रिकाम्या माळ्यावर हा पुंजका बर्फ पडल्याप्रमाणे सर्वत्र सारखा पसरतो. अमेरिकेच्या थंड उत्तर भागात माळ्यावर याचा चौदा ते सतरा इंचांचा थर द्यावा, अशी शिफारस असते.

भिंतींची तऱ्हा निराळी. तेथील जुनी घरे लाकडी सांगाड्याची असून भिंतीच्या आतील व बाहेरील फळ्यांमध्ये सुमारे चार इंचांची पोकळी असते. भिंत न पाडता तिला दोन-अडीच इंचांचे भोक पाडतात, नळी आत सरकवितात व पुंजका असा दाटून भरतात की तो पुढे खाली बसू नये. मग भोक बुजवून टाकतात. घरच्या मंडळींना घर सोडावे लागत नाही. शंभर वर्षांच्या जुन्या घराला एका-दोन दिवसांत आतून पांघरूण घालता येते, हा या पद्धतीचा मोठाच गुण होय.

तेलाची टंचाई आणि आगीचा धडा

कागदाचा असा उपयोग अमेरिकेत पूर्वीपासून थोडाफार होत होता. परंतु त्याला खरा बहर आला तो १९७३ नंतर. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले. काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपास सुमारे ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरात गेला. ज्या देशात हिवाळ्यात घर तापविल्याविना माणूस जगू शकत नाही, तेथे याचा अर्थ काय होतो हे आपल्याला चटकन समजावयाचे नाही. श्रीमंताने चार डॉलर अधिक मोजले; पण जुन्या, भेगाळलेल्या लाकडी घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवेला वा लेकुरवाळ्या मजुराला, जळणाचे पैसे भरावेत की मुलांच्या ताटात अन्न वाढावे, असा प्रश्न पडू लागला. म्हणून १९७६ साली अमेरिकन काँग्रेसने गरीब कुटुंबांच्या घरांना उष्णतारोधक थर देण्याची सरकारी योजना सुरू केली, आणि १९७८ साली ज्याने स्वखर्चाने असा थर बसविला त्याला ३०० डॉलरांपर्यंत करसवलत दिली.

मागणी एकाएकी वाढली. यंत्रे स्वस्त, रद्दी मुबलक; तेव्हा गावोगाव छोटे कारखाने निघाले. आणि येथेच घात झाला. साधा कागद पेटतो, हे लहान मूलही जाणते. तो पेटू नये म्हणून त्यात बोरिक आम्ल व टाकणखार यांची भुकटी मिसळावी लागते. मघाशी उल्लेखिलेला १५ ते २० टक्के भाग तो हाच. मागणीमुळे बोरिक आम्लाचा तुटवडा पडला. तेव्हा काही कारखानदारांनी औषध कमी घातले, तर काहींनी ते नीट मिसळले नाही. तसला माल माळ्यावर गेला, आणि कोठे तापलेल्या दिव्याशी, कोठे धुराड्याशी, कोठे जुन्या तारेशी त्याची गाठ पडून घरे पेटली.

कागदाच्या पुंजक्याची आग ही कपटी असते. गवताप्रमाणे भडकून ती आपली वर्दी देत नाही. गोवरीप्रमाणे ती आतल्या आत धुमसते. वर राख दिसते, खाली निखारा सरकत असतो, आणि तासाच्या तासांनी कोठे तरी ज्वाला उठते. त्या वेळी घरातील माणसे निजलेली असण्याचाच संभव अधिक.

यास्तव १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून सेल्युलोजच्या मालाला कसोट्या लावल्या. ठरावीक उष्णतेखाली त्यावर ज्वाला पसरता कामा नये. धुमसण्याच्या कसोटीत त्याचे वजन १५ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. तसेच त्यातील क्षारांनी तांबे, ॲल्युमिनियम व पोलाद यांना भोके पडेपर्यंत गंज चढता कामा नये. १९७९ साली दुसरा नियम आला: पिशवीवर छापलेली रोधकशक्ती आणि एका पिशवीत किती जागा झाकते हे कारखानदाराने खरे तेच छापले पाहिजे. माल वाईट नव्हता; माप वाईट होते. ज्या कारखान्यांनी माप सुधारले त्यांचा माल आज चार-साडेचार दशके विश्वासाने वापरला जात आहे.

सोनाराचा टाकणखार

बोरिक आम्ल आणि टाकणखार ही नावे आपल्या घरांत अपरिचित नाहीत. कॅरमच्या फळीवर टाकतात ती पांढरी भुकटी बोरिक आम्लाची. झुरळे मारण्यासही तिचा उपयोग करतात. टाकणखार तर प्रत्येक सोनाराजवळ असतो. डाग देताना सोनार तो दागिन्यावर लावतो. आगीत तो फुलतो, मग वितळून काचेसारखा चकचकीत थर होतो, आणि त्या थरामुळे हवा तापलेल्या धातूपर्यंत पोहोचत नाही.

कागदाच्या तंतूवर नेमके असेच घडते. ताप लागताच या क्षारांतील पाणी सुटते व काही उष्णता शोषली जाते. मग वितळलेल्या क्षाराचे कवच तंतूवर बसते. कागद भडकून वायुरूप होण्याऐवजी त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळशाचा थर खालच्या कागदाचे संरक्षण करतो. टाकणखार मुख्यतः ज्वाला आवरतो, तर धुमसणे आवरण्याचे काम बोरिक आम्ल करते. म्हणून दोहोंची जोडी लागते. एकटा टाकणखार पुरत नाही. याच क्षारांमुळे झुरळे, वाळवी आणि बुरशी यांनाही तो कागद मानवत नाही.

हे क्षार अगदीच निरुपद्रवी आहेत असे मात्र समजू नये. युरोपीय संघाने बोरिक आम्लाची गणना प्रजननशक्तीस अपायकारक अशा पदार्थांत केली आहे. भिंतीआड बंद असलेल्या पुंजक्यातील क्षार घरच्या माणसांच्या पोटात जात नाहीत ही गोष्ट खरी. पण मुलांच्या हाती ती भुकटी लागू देऊ नये. फ्रान्समध्ये मध्यंतरी बोरिक क्षारांच्या जागी अमोनियमचे क्षार वापरून पाहिले. परिणाम असा झाला की दमट हवेत काही घरांतून अमोनियाचा उग्र दर्प येऊ लागला, आणि २०१३ साली सरकारला तसल्या मालावर बंदी घालावी लागली. एक दोष काढताना दुसरा शिरू नये, यासाठी किती जपावे लागते हे यावरून दिसते.

लाभ कोणते?

पहिला लाभ जळणाच्या बचतीचा. ज्या घराची ऊब छपरातून निसटत होती ते घर थोड्या जळणात उबदार राहते. हा लाभ एका हिवाळ्यापुरता नव्हे. तो दरवर्षी होतो.

दुसरा लाभ वाऱ्याच्या अटकावाचा. सुटा पुंजका वाहत जाऊन नळांच्या, तारांच्या, वासांच्या भोवतालच्या सर्व खाचाखोचा भरून काढतो. कापून बसविलेल्या चटईला ते साधत नाही. तिच्या कडेने फट राहतेच. काचेच्या तंतूंचा सुटा थर हा या कागदाचा मोठा प्रतिस्पर्धी. परंतु १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत असे आढळून आले की, कडाक्याच्या थंडीत काही हलक्या काचतंतूंच्या थरात हवेचे प्रवाह सुरू होऊन त्यांची रोधकशक्ती बरीच घटते. कागदाचा पुंजका अधिक दाट असल्यामुळे त्यात हवेला असे फिरता येत नाही.

तिसरा लाभ शांततेचा. दाट भरलेल्या भिंतीतून रस्त्यावरचा गोंगाट कमी ऐकू येतो.

चौथा लाभ काटकसरीचा, आणि तो साऱ्या समाजाचा आहे. काचतंतू करावयाचे तर काच सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवावी लागते. कागद पिंजावयास भट्टी लागत नाही. जी वस्तू उकिरड्यावर कुजली असती तीच पुढे अनेक वर्षे घराची राखण करते.

आता उणी बाजूही सांगितली पाहिजे. माळ्यावरचा सुटा थर काळाने खाली बसतो. त्याची उंची पाचव्या हिश्श्यापर्यंत घटू शकते. म्हणून आधीच तितका जाड थर द्यावा लागतो. फुंकताना धूळ फार उडते. काम करणाऱ्याने नाकातोंडाला योग्य मुखवटा बांधलाच पाहिजे. तापणाऱ्या दिव्यांपासून व धुराड्यापासून हा थर काही इंच दूर ठेवावा लागतो. आणि त्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे पाणी. थोडी दमट हवा कागद शोषून घेतो व पुन्हा सोडून देतो. परंतु छपराची गळती त्यावर पडत राहिली तर तो भिजून गोळा होतो, त्यातील हवा नाहीशी होते, क्षार धुऊन जातात, लाकडालाही कूज लागते. म्हणून जाणता कारागीर आधी छप्पर शाकारतो, तारा तपासतो, आणि मगच पांघरूण घालतो.

गवताच्या भिंतींची घरे

सेल्युलोजचा उपयोग कारखान्याशिवायही होऊ शकतो, याचे एक मनोरंजक उदाहरण अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात आहे. तेथील वालुकामय टेकड्यांच्या प्रदेशात वसाहतीस गेलेल्या शेतकऱ्यांना घरासाठी लाकूड मिळेना. परंतु गवत व पेंढा दाबून त्यांच्या गासड्या बांधण्याचे यंत्र नुकतेच आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी या गासड्याच विटांप्रमाणे एकावर एक रचून भिंती उभारल्या व आतून-बाहेरून गिलावा केला. आर्थर या गावी १९२८ साली अशा गासड्यांच्या भिंतींचे एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधण्यात आले, आणि ते अद्याप उभे आहे. ते टिकले याचे श्रेय दोन गोष्टींना आहे: तेथील कोरडी हवा आणि भिंतीवरचा अखंड गिलावा. दाबलेल्या गासडीत आगीला लागणारी हवा फारशी नसते, आणि गिलावा ज्वालेला आत येऊ देत नाही. तोच पेंढा मोकळा पसरला असता तर ठिणगीसरशी भस्म झाला असता.

आपल्या छपराखाली

वाचकहो, आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. ग्वाल्हेरकडची काही आठवड्यांची कडक थंडी सोडली, तर गोव्यापासून बेळगावापर्यंत आणि इंदूर-बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत आपल्या कुटुंबांना छळतो तो उन्हाळा. आपले पूर्वज याविषयी अज्ञानी नव्हते. देशावरील माळवदावर मातीचा जाड थर असे. कोकण-गोव्यात उंच कौलारू छप्पर व त्याखाली लाकडी माळा असे. गरिबाच्या घरावर गवत वा नारळीच्या झावळ्यांचे झाप असत. ही सर्व उष्णता अडविण्याचीच साधने होती. पुढे शाकारणीचा दरवर्षीचा त्रास चुकावा म्हणून कोणी पत्रा घातला, तर कोणी स्लॅब ओतली. गळती थांबली, पण भट्टी सुरू झाली. पोलाद उष्णतेला अडवीतच नाही, आणि स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता रात्रभर घरात ओतते.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट नव्हे. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले असे पुढे अभ्यासकांनी मोजले. त्या अनुभवावरून त्या शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. तेलंगण सरकारने २०२३ साली उष्णता परतविणाऱ्या छपरांचे पाच वर्षांचे धोरण जाहीर केले. हैदराबादेतील वाचकांनी त्याची चौकशी अवश्य करावी. घरांच्या भिंती व छपरे उष्णता किती आत येऊ देतात यासंबंधी केंद्र सरकारने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ नावाची नियमावलीही काढली आहे.

मग आपण छपराखाली रद्दी भरावी काय? याचे उत्तर स्पष्ट शब्दांत देणे मी आपले कर्तव्य समजतो: मुळीच नाही! औषध न घातलेला कागद, पेंढा वा भुसा पत्र्याखाली कोंबणे म्हणजे घराच्या डोक्यावर सरण रचणे होय. त्यात उंदीर बिळे करतील, वाळवी लागेल, आणि उंदराने कुरतडलेल्या एका तारेची ठिणगी पुरेशी होईल. टाकणखार आणून घरीच मिसळण्याचा उद्योगही कोणी करू नये. ज्या कामात चुकलेल्या मापाने अमेरिकेत घरे जळाली, ते परातीत कालवून साधावयाचे नाही. शिवाय कोकण-गोव्यात चार महिने भिंतींना ओल असते. तेथे कागदाच्या थराला कारखान्याच्या मालाइतकीच जाणकार बांधणीची आवश्यकता आहे.

मात्र या सर्व प्रकरणातील तत्त्व आपल्याला फुकट घेता येते. सिमेंटच्या गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात दिले तर बरेचसे ऊन आल्या वाटेने परत जाते. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून दरवर्षी द्यावा. पत्र्याला पांढरा रंग द्यावा. पत्र्याखाली हातभर अंतर ठेवून तक्तपोशी केली आणि मधल्या पोकळीतील तापलेली हवा निसटण्यास दोन्ही टोकांना वाट ठेवली, तर खोलीतील माणसाच्या डोक्यावर सरळ पत्रा तळपत नाही. मात्र ती पोकळी अडगळीची खोली होऊ देऊ नये, आणि त्यातून जाणाऱ्या तारा नळीत असाव्यात. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांना खरवडणे, कापणे, भोके पाडणे टाळावे, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. घराच्या पश्चिमेस एखादे झाड लावावे. नवे घर बांधणाऱ्याने स्लॅबवर उष्णतारोधक थर कोणता द्यावा हे गवंड्याला व इंजिनिअरला आधीच विचारावे. मागाहून ते काम अधिक त्रासाचे होते.

आणखी एक गोष्ट. रोधक थर जसा दिवसाचे ऊन आत येऊ देत नाही, तसाच रात्री आतली उष्णता बाहेरही सोडत नाही. म्हणून तसल्या घरात संध्याकाळी खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा व सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्या लावून घ्याव्यात. गोधडी पक्षपात करीत नाही, हे आपण पाहिलेच आहे.

घर बांधताना आपण दर्शनी भागाला रंग कोणता, दाराला नक्षी कोणती, याची चर्चा महिनोन् महिने करतो. परंतु दुपारी पाळण्यात निजलेले तान्हे मूल आणि खाटेवर पडलेली आजी यांच्या डोक्यावर काय आहे, याचा विचार क्वचितच होतो. बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करावयास मन धजत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. तथापि घर आपल्याला निवारा देते ते त्या न दिसणाऱ्या गोष्टींमुळेच. येत्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने भर दुपारी आपल्या घरातील सर्वांत तापणाऱ्या खोलीत अर्धा तास बसून पाहावे. काय करावयास पाहिजे हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.